सेनोपातीच्या घशातला आवाज

पक्ष्यांना शिकवायला दुसऱ्या पक्ष्यांची गाणी रेकॉर्ड करून विकणं, हा माझा धंदा. आमच्या सोलो शहरात गल्लोगल्ली गाण्याच्या स्पर्धांचे पिंजरे टांगलेले असतात. पिंजऱ्यावर कापड टाकायचं आणि अंधारात शेजारी उस्ताद पक्ष्याचं गाणं हळू आवाजात लावून ठेवायचं, आठवडेच्या आठवडे. कापडाखालचा पक्षी जे ऐकतो ते गिळतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माझा सध्याचा उस्ताद म्हणजे सासऱ्यांचा श्यामा पक्षी, सेनोपाती. त्यांच्या खाटेशेजारीच त्याचा पिंजरा असे. ते गेल्यावर माझी बायको लास्त्री त्याला आमच्याकडे घेऊन आली.

एक दिवस शेजारचे विर्योकाका तणतणत आले. "अरे, तुझं गाणं ऐकून माझा पक्षी शेवटी सुस्स करायला लागलाय! पंचांनी हसत हसत गुण कापले. आणि वर खोकतो मेला! रेकॉर्डिंग करताना विड्या फुंकतोस काय?"

"मी ओढत नाही, काका."

"मग काय सेनोपाती ओढतो?"

सुस्स माझ्या जुन्या, स्वस्तातल्या इंटरफेसची होती. माइक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसणारी ती पेटी, आवाजापेक्षा खरखरच जास्त करायची. मी मन घट्ट करून चांगला, स्टुडिओत वापरतात तसला इंटरफेस आणला. खोकल्याचं मी हसण्यावारी नेलं.

दुपारी खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला, हेडफोन चढवला. खरखर पार गेली होती. दांडीवर घासणारं नखसुद्धा ऐकू येत होतं. सेनोपाती दोन तानांच्या मध्ये घशातल्या घशात काहीतरी पुटपुटायचा. एरवी ते कानाला कळलंही नसतं.

किण्. किण्. ग्लासवर चमचा.

मी स्वयंपाकघरात डोकावलो. कुणी नव्हतं. मग खोकला. पुन्हा किण् किण्. मग फरशीवर लाकडी खडावा, एकीचा पट्टा सैल. टॉक, सर्र. टॉक, सर्र. पावलं जवळ आली, थांबली आणि परत गेली. मी हेडफोन काढला तर खोलीत मी आणि कापडाखालचा पक्षी, दोघंच. हे सगळं सेनोपातीच्याच घशातून येत होतं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर सासऱ्यांची वाचा गेली होती. पाणी हवं की ते चमच्याने ग्लास वाजवत. दिवसा लास्त्री त्यांच्याकडे जायची, रात्री माझा मेहुणा जोनो असायचा. गेले त्या पहाटे जोनो म्हणाला, "झोपेतच गेले. हूं नाही की चूं नाही." त्या एका वाक्यावर लास्त्री आजवर तगून होती.

मी ते रेकॉर्डिंग पुसायला हात पुढे केला, तर ती दारात उभी.

"तोंड का उतरलंय? द्या इकडे."

तिने हेडफोन लावला. बराच वेळ ऐकत राहिली. खडावांपाशी आल्यावर तिने डोळे मिटले.

"एकदा ऐकून शिकतो का हो तो?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण जमलं नाही. "नाही. रोज ऐकावं लागतं. महिनोन्‌महिने."

"सकाळी मी जायचे तेव्हा ग्लास कोरडा ठणठणीत असायचा," ती म्हणाली. "दादा म्हणायचा, रात्रीत सगळं प्याले."

ती रडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सासरे गेल्याच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला गल्लीतले सगळे पुरुष चटईवर बसले. मधे पिवळ्या भाताचा ढीग, मानाच्या जागी जोनो. लास्त्रीने स्वतः पिंजरा वर टांगला आणि मला माइक, इंटरफेस, स्पीकर लावायला सांगितले. मी लावले.

"बापाकचा, आमच्या वडिलांचा पक्षी आहे," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "दुवा झाली की सगळ्यांनी ऐकावा."

"वा! ही खरी लेक," विर्योकाका म्हणाले.

आमीन झालं. पंखा बंद झाला. सेनोपातीने एक तान घेतली आणि मग पुटपुटला. स्पीकरमधून ते घरभर घुमलं. खोकला. किण्. किण्.

"अरे, हाच तो खोकला!" काका हसायला लागले आणि मधेच थांबले. खडावा वाजायला लागल्या होत्या. टॉक, सर्र. सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या. बाहेर चपलांच्या ढिगात जोनोच्या खडावा होत्या, सैल पट्ट्याच्या, रिकाम्या. आवाज जवळ आला, थांबला, परत गेला. मग नुसतं किण् किण्. हळू. आणखी हळू.

जोनो उठला. समोरचा पाण्याचा ग्लास उचलून अनवाणी पिंजऱ्यापाशी गेला. पाणी त्याच्याच मनगटावरून ओघळत होतं.

"घ्या, बापाक," तो म्हणाला. "आणलंय मी. घ्या ना."

पक्षी गप्प झाला. मग कापडाखालून पुन्हा आवाज आला. टॉक, सर्र. टॉक, सर्र. लांब लांब जाणारा.

जोनो ग्लास धरून तिथेच उभा होता.