मांडवातून गेलेली रेघ

मैदानावरच्या पांढऱ्या रेघा सगळ्यांना दिसतात, त्या ओढणारी कोणाला दिसत नाही. ती मी. मालाडच्या एका ॲथलेटिक्स क्लबची जुनी फक्कीची गाडी. मित्रांनो, फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी. ती माझ्या पत्र्याच्या पोटात भरायची, मला ढकलायचे आणि खालच्या फटीतून ती सांडत गेली की शर्यतीची रेघ तयार होते.

कुंडलिक नावाच्या वेल्डरने मला घडवले. त्याची मुलगी क्लबात लांब उडी मारायची, म्हणून त्याने पत्र्याच्या डब्याला लहान मुलांच्या सायकलची चाके जोडून मला क्लबाला दिले. तेव्हा सगळे म्हणाले, झकास गाडी आहे. पुढे कौतुक ओसरले. कोणी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. कोणी लग्नात रांगोळी काढायला मला उसने नेले आणि पोटात गुलाबी रंग तसाच ठेवून परत आणून टाकले. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार मिळतो. तो सुकून गळून पडेपर्यंत कोणी काढत नाही.

याला अपवाद एकच, ॲग्नेस टीचर. मार्वे रस्त्याजवळच्या गावठाणात त्या राहतात. तरुणपणी गोळा फेकायच्या. मग शाळेतली नोकरी सांभाळून पहाटे मैदानावर मुलांना धावायला शिकवू लागल्या. नोकरी संपली, गुडघे दुखू लागले, पण पहाट चुकली नाही. दमट हवेने माझ्या पोटात फक्कीचे गोळे झाले की त्या मला पालथी घालून चमच्याने खरवडत आणि वर मलाच रागावत, "तुझं पोट काय साफ होत नाही, बाई."

यंदा वार्षिक शर्यतींच्या सकाळी आम्ही दोघी मैदानावर आलो, तर धावण्याच्या सरळ पट्ट्यावर मांडव उभा. बांबूंसाठी खड्डे खणलेले, खाली लाल गालिचा, वर सोफे. क्लबचा नवा सेक्रेटरी देवव्रत हसत पुढे आला. लहानपणी तो टीचरांच्याच हाताखाली धावायला शिकला होता.

"टीचर, सरप्राइज. आज तुमचा सत्कार. आयुष्यभराच्या सेवेबद्दल."

"आणि पोरं धावणार कुठं?"

"शर्यती यंदा नाही ठेवल्या. प्रमुख पाहुण्यांना वेळ कमी आहे ना."

"अरे, जिल्ह्याच्या संघाची निवड आज आहे. नावं उद्या द्यायचीत. ती सपना वर्षभर घाम गाळतेय, तिला काय सांगू? माझ्या शालीपायी तुझी शर्यत गेली म्हणून?"

"पुढच्या वर्षी धावेल की."

टीचरांनी कपाळाला हात लावला. त्या चिडलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत, पण इतक्या वैतागलेल्या कधी नाही. मीही वैतागले होते, पण माझे कोण ऐकतो? त्यांनी माझ्यात काठोकाठ फक्की भरली आणि सुरुवातीच्या जागेवरून मला ढकलू लागल्या. मांडव आला तरी थांबल्या नाहीत. लाल गालिच्यावरून पांढरीशुभ्र रेघ सरळ निघाली आणि मी सोफ्याला जाऊन धडकले.

"टीचर, गालिच्याची वाट लागली," देवव्रत म्हणाला.

"मग गुंडाळ. आणि हा सोफा सरकव. मला पुढे जायचंय."

इतका वेळ कडेला उभी असलेली सपना आली आणि तिने सोफ्याचे एक टोक धरले. देवव्रत जरा घुटमळला, मग त्याने दुसरे धरले. बघता बघता बाकीच्या मुलांनी मांडव रिकामा केला. बांबू मात्र उपटता येईनात. त्यांच्यामधून जेमतेम तीन पट्टे बसले. एका खड्ड्यात अडकून माझे चाक वाकले, तरी शेवटची रेघ मी खुरडत पुरी केली.

मुले तीन-तीनच्या तुकड्यांनी धावली. पाहुणे आले, त्यांना कडेला खुर्च्या मिळाल्या. माइकवर टीचरांचे नाव पुकारले, तेव्हा त्या शर्यत संपते तिथे स्टॉपवॉच घेऊन वाकून उभ्या होत्या. दोनदा पुकारूनही त्या हलेनात, तेव्हा देवव्रतच शाल घेऊन तिथे गेला.

"थांब रे, अजून एक तुकडी आहे."

त्याच तुकडीत सपना होती. मांडवाच्या सावलीतून ती बाहेर पडली ती सगळ्यांच्या पुढे. टीचरांनी वेळ पाहिली, तिच्याकडे बघून मान डोलावली आणि मग कुठे खांद्यावर शाल घेऊ दिली.

"झालं ना तुझं? आता उद्या पहाटे ये. हे खड्डे कोण बुजवणार?"

मित्रांनो, कोणाचा मान करायचा असेल, तर त्याचे काम बंद पाडून करू नका. त्याच्या कामाला हात लावा.

देवव्रत दुसऱ्या दिवशी आला. उशिरा आला, पण आला. त्याने खड्डे बुजवले, माझे चाक ठोकून सरळ केले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः रेघ ओढली. ती चांगलीच वाकडी आली. टीचरांनी ती पायाने पुसली आणि म्हणाल्या, "परत."