समरीनने लिहिलेल्या तीन ओळी

मी कीबोर्ड बोलतोय. पण माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. लक्षात ठेवण्याचं काम माझं नव्हतंच, ते शेजारच्या डब्याचं, म्हणजे संगणकाचं. माझ्याकडे अक्षर येतं, बोटाखाली क्षणभर दबतं आणि वायरीतून निघून जातं. त्यामुळे सांगताना तारखा चुकतील, दोन दिवसांचा कदाचित एकच दिवस होईल. तीन ओळी मात्र मला पाठ आहेत. सात वर्षं मला शंका होती ती त्या तीन ओळींचीच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. पाठीवर एक चिठ्ठी होती. रत्नागिरीच्या या कॉलेजात आलो त्या दिवशी भागोजीमामांनी ती खरवडली आणि पांढऱ्या रंगाने तिथे ‘७’ लिहिलं. भागोजीमामा म्हणजे आमच्या संगणक कक्षाचे शिपाई. सात नंबरचं टेबल पश्चिमेच्या खिडकीपाशी होतं. वारा फिरला की मिरकरवाड्याच्या बंदरावरचा मासळीचा वास आत यायचा आणि खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजायचे.

माझं तोंड कायम छताकडे. स्क्रीनवर काय उमटतं हे मी कधी पाहिलंच नाही. मी आयुष्यभर फक्त पंखा पाहिला.

शिक्षण म्हणाल तर पुष्कळ झालं. एकच अभ्यासक्रम मी आठ वेळा ऐकला. पण एकाही परीक्षेला बसलो नाही, त्यामुळे मला नक्की किती येतं हे आजही सांगता येत नाही. माणसांबद्दल मात्र थोडं शिकलो. नवा विद्यार्थी आला की पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहितो, आणि कुणी पाहण्याआधी पुसतो. राग कुणावरही असो, मार एंटरच्या कळेला बसतो. बिस्किटाचा चुरा माझ्यात सांडतो आणि मग मलाच उलटं करून झटकतात.

वर्षातून एकदा माझी पूजा व्हायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भागोजीमामा प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल ठेवत. ते कुंकू पुढे दोन महिने माझ्या फटींतून निघत राही.

समरीन दुसऱ्या वर्षाला असताना सात नंबरवर बसू लागली. तिचे वडील कमालभाई ट्रॉलरना बर्फ पुरवत. समरीनला जन्मापासून दिसत नव्हतं. संगणकात एक आवाज होता, स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा. तो आवाज आणि मी, एवढ्यावर तिचं काम चालायचं. माझ्या एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे आहेत. इतरांना ते कधी जाणवलेही नसतील. समरीन बसली की तिच्या दोन तर्जन्या पहिल्यांदा तिथे येऊन टेकत, कुणाच्या घरी गेल्यावर आपण आधी उंबरा बघतो तशा. मग बाकीची आठ बोटं आपापल्या जागी उतरत. माझ्याकडे न पाहता मला इतकं नीट ओळखणारं दुसरं कुणी आलं नाही.

सुट्टी झाली की सगळे एकमेकांना हाका मारत कँटीनला जात. समरीनला हाक मारायची राहून जायची. मनात वाईट काही नसायचं. हाताला धरून न्यायचं की नाही, धरलं तर तिला आवडेल का, हे कुणालाच ठरवता यायचं नाही, आणि ठरेपर्यंत सुट्टी संपायची. ती बसून राही. कधी कधी काहीही न लिहिता माझ्या कळांवरून नुसती बोटं फिरवी. त्या अर्ध्या तासात मला वाटे की आपण दोघे आहोत. पण तिलाही तसं वाटत होतं का, हे मी कसं सांगणार?

त्या वर्षी तोडणकर मॅडमनी गटांना विषय वाटून दिले. समरीनच्या गटाला आला ‘संगणकाचा वापर आणि अपंगत्व’. गटात तिघं होती. अजिंक्य, दिशा आणि समरीन.

“तुझं काम सोप्पं आहे,” अजिंक्य म्हणाला. “मी माहिती सांगणार, दिशा चित्रं दाखवणार. तू फक्त खुर्चीत बसायचं.”

“बसून काय करू?”

“काही नाही गो. लोकांना उदाहरण दिसलं पाहिजे ना.”

समरीनची बोटं माझ्यावर होती. ती थांबली. “अजिंक्य, उदाहरण भिंतीवर लाव तुझं. मला पाच मिनिटं दे. मी सगळ्यांसमोर लिहीन, संगणक वाचून दाखवील. माझा भाग मीच करणार.”

“आणि अडलं तर?”

“अडलं तर मी बघीन.”

“तू काय बघणार?” अजिंक्य बोलून गेला.

समरीनच आधी हसली. “बघीन म्हटलं की बघीन. तू तुझं इंग्रजी बघ.”

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दिशाने एक उद्योग केला. मेंदीच्या रिकाम्या कोनात पांढरा गोंद भरून तिने माझ्या एकूण एक कळेवर टपोरा थेंब ठेवला. समरीनला कळा सापडायला सोपं जावं म्हणून. तासभर मान मोडून ती हे करत होती. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण समरीन आली, तिची बोटं उतरली आणि माझ्यावर भरकटायला लागली.

“दिशा, हे काय केलंस गो?”

“तुझ्यासाठी. आवडलं?”

“अगं, सगळ्या वाडीतल्या दारांना तोरणं बांधलीस, आता माझं घर कुठलं ते कसं ओळखू?”

मग दोघी नखांनी गोंद खरवडत बसल्या. हसत होत्या. त्या संध्याकाळी दिशाने कँटीनमधून चहा वर आणला आणि दोघी माझ्याशेजारी बसून प्यायल्या. सगळा गोंद काही निघाला नाही. ‘ल’च्या कळेखाली एक थेंब उतरून सुकला. दाबलं की कळ किंचित अडखळायची. मला ते कळत होतं. सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी मला आणि सात नंबरच्या डब्याला मोठ्या वर्गात नेलं. प्रोजेक्टरची वायर जोडली. मॅडमचे दोन नियम होते. बोलणाऱ्यांनी वर्गाकडे तोंड करायचं, मागे वळून पडद्यावरचं वाचायचं नाही. आणि सादरीकरण चालू असताना बसलेल्यांपैकी कुणी तोंड उघडलं तर त्याच्या गटाचा एक गुण कापला जाईल. मॅडम कडक होत्या. साठ मुलं चिडीचूप बसली.

अजिंक्यचं झालं, दिशाचं झालं. समरीन खुर्चीत बसली. तिच्या तर्जन्या एफ आणि जे वर आल्या. जराशा गार होत्या.

तिने लिहिलं: ‘मी समरीन. या गटातली तिसरी.’

आता तो आवाज हे वाचून दाखवणार होता. आवाज आला नाही. समरीन थांबली. वर्गात पंख्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. अजिंक्य आणि दिशा नियमाप्रमाणे पडद्याकडे पाठ करून उभी होती. समरीनने पुन्हा बोटं ठेवली.

‘मला आवाज येत नाहीये. तुम्हाला दिसतंय का?’

कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मला ‘ल’खालचा गोंद आठवला. वाटलं, माझ्यातून काहीच जात नसेल. तिच्यासमोर साठ जण कोरा पडदा पाहत असतील. मी जीव एकवटून, जेवढं माझ्यासारख्याला एकवटता येतं तेवढं, पुढची अक्षरं ढकलली.

‘कुणीतरी बोला.’

समरीनने वाट पाहिली. किती वेळ ते सांगू शकत नाही. मला फार वाटला. मग तिची बोटं उचलली गेली, खुर्ची सरकली, काठीचा टकटक आवाज दाराकडे गेला. ती दारापाशी पोचली तेव्हा टाळ्या पडल्या. मला त्या कीव आल्यासारख्या वाटल्या. तिलाही तशाच वाटल्या असाव्यात. काठीचा आवाज जिन्यावर भराभर उतरत गेला.

अजिंक्यने घाबरून, पडद्याकडे न बघताच, प्रोजेक्टर बंद केला. “कीबोर्ड गेला वाटतं.”

“माझ्या गोंदानंच,” दिशा म्हणाली.

भागोजीमामांनी माझी वायर काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि मला त्याच वर्गातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. समरीन पुढे कुठे बसली, दिशाने पुन्हा कधी चहा आणला का, मला कळलं नाही. कपाटात पंखासुद्धा दिसत नाही. दसऱ्याला तेवढं दार उघडायचं. “जुना झाला तरी पूजा सगळ्यांची,” असं म्हणून मामा कुंकवाचं बोट लावत आणि दार लावून घेत. अंधारात मी त्या तीन ओळी एकेक अक्षर करून पुन्हा दाबून बघत असे. ‘बोला’पाशी आलो की दर वेळी अडखळत असे.

सात वर्षांनी, पूजेच्याच दिवशी, मामांनी मला मॅडमच्या टेबलावर काढून ठेवलं आणि मला ती काठी ऐकू आली. समरीन आता नोकरीला आहे. तोडणकर मॅडमनी तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, कारण यंदाच्या मुलांनाही तोच विषय होता.

वेदिका नावाची मुलगी बोलायला उभी राहिली. तिने संगणकाचा आवाज सुरू केला. आवाज आला नाही. समरीन खुर्चीत ताठ झाली असावी, कारण काठी जमिनीवर आपटली.

“थांबा हां,” वेदिका म्हणाली. “प्रोजेक्टरची वायर लावली की आवाज तिकडे जातो, आणि आपल्या प्रोजेक्टरला स्पीकरच नाय. दर वेळी विसरतो आम्ही.” तिने काहीतरी दाबलं. आवाज आला.

तास संपल्यावर मुलं गेली. समरीन मॅडमच्या टेबलाशी आली. तिचा हात माझ्यावर पडला. बोटं एफवर, जेवर, मग ‘ल’वर आली. तिथल्या सुक्या गोंदावर ती थांबली.

“मॅडम, माझ्या वेळी पडद्यावर काय आलं होतं?”

“म्हणजे?”

“दिशा म्हणाली होती, कीबोर्ड खराब झाला. मी काही विचारलं नाही.”

“खराब कुठला? सगळं उमटलं होतं. तीन ओळी. आम्ही सगळ्यांनी वाचल्या. समरीन, ते तू मुद्दाम लिहिलं होतंस ना? आम्हाला जाणीव व्हावी म्हणून?”

समरीनची बोटं माझ्यावर जड झाली. एक कळ दाबली गेली, पण माझी वायर कशालाच जोडलेली नव्हती.

मॅडम उठून कपाटाशी गेल्या. जुन्या गुणपत्रिका तिथेच होत्या.

मी आता पुन्हा कपाटात आहे. माझी कुणाकडे काही तक्रार नाही. एकच मागणं आहे. समोर कुणी ‘बोला’ असं लिहिलं, तर ते छान लिहिलंय का हे नंतर ठरवा. आधी बोला. मला वाटत होतं, माझी चूक नव्हती हे कळलं की बरं वाटेल.

तो गुणपत्रिकेचा कागद सात वर्षं माझ्या वरच्याच कप्प्यात होता. मॅडमनी तो समरीनला वाचून दाखवला, म्हणून मला खात्रीने सांगता येतं. तिन्ही ओळी जशाच्या तशा, एकही अक्षर न चुकता उतरवलेल्या होत्या. त्याखाली मॅडमचा शेरा होता: शेवट परिणामकारक, दहापैकी नऊ.