जावयाला हरवायचं कुणी?

धसईच्या वळणावर मोटारसायकल बंद केली की कुंडलिकला सासरचं खिदळणं लांबूनच ऐकू यायचं. सासूबाई बाईजा यांचा घसघशीत आवाज, सासरे देवजींना लागलेला हसण्याचा ठसका, मेहुणा प्रज्वलची मधूनच शिट्टी. भर उन्हात गार वाटावं असं हसणं! आणि कुंडलिकने उंबऱ्यात पाय ठेवला की सगळं चिडीचूप. सासरे बाजेवरून उठायचे, सासूबाई पदर सावरायच्या.

"या जावईबापू. बसा."

तीन वर्षं तो नुसता बसत होता. एकदा त्याने पाण्याचा हंडा उचलला, तर बाईजामामी अशा धावल्या, जणू त्याने साप उचलला. त्याने विनोद केला की देवजीमामा आधी मामींकडे बघत, मग दोघं मिळून बेताचं हसत.

"तुमी पाहुण्यासारखे वागताव, म्हणून," त्याची बायको दामिनी म्हणायची.

"मी कुठं वागतो गो? मला वागवतात."

त्यात यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावई साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे नि अनारसे खाऊ घालायचे. आता तर हसणं दूरच, ही माणसं आपल्यापुढे शिंकायचीसुद्धा नाहीत, हे कुंडलिकने ओळखलं. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं, की ह्या खेपेला हे घर आपल्यादेखत हसलं पाहिजे. नाहीतर पुढचा सगळा जन्म पाटावरच जायचा.

म्हणून आपल्या गावाहून, शेणव्याहून निघताना त्याने पिशवीत एक खेळ घेतला. कल्याणला कामाला जायचा, तिथूनच जुना घेतलेला. टीव्हीला जोडायचा, दोघांनी हातात एकेक आखूड पांढरी दांडी धरायची नि बॅटीसारखी हवेत फिरवायची, की पडद्यावरचा बाहुला टेनिस मारतो. शिकायला काही नाही. हात हलवता येतो तो खेळाडू.

प्रज्वलने नाक मुरडलं. तो दिवसभर मोबाइलवर अंगठे नाचवणारा. "दाजी, हे बारक्या पोरांचं. खरा गेम बटणावर असतो."

जेवणं झाल्यावर, तोंडात अनारशाची खसखस घोळत असताना, पहिला डाव कुंडलिक नि देवजीमामांचा लागला. कुंडलिकने चेंडू मारला. चेंडू टप्पा खात देवजींच्या बाहुल्याकडे गेला, आणि नेमक्या त्याच वेळी देवजींच्या पाठीला खाज सुटली. दुसऱ्या चेंडूला त्यांना छतावर पाल दिसली. तिसऱ्याला त्यांनी दांडी काखेत धरून कुंडलिकला चक्क नमस्कार केला.

"वा जावईबापू! काय हात हाय!"

कुंडलिक जिंकत गेला आणि त्याचं तोंड उतरत गेलं. बटणाच्या खेळात अंगठा चुकला की चुकवला, ते देवालाही कळायचं नाही. पण अख्ख्या अंगाने खोटं खेळायचं म्हणजे सोंगाड्यालाही जड. आणि देवजींनी उभ्या आयुष्यात कधी सोंग घेतलं नव्हतं.

मग कुंडलिकनेही ठरवलं, आपणच हरायचं. त्याने दांडी खाली केली. देवजींनीही केली. चेंडू देवजींनी उडवायचा होता, ते उडवीनात.

"तुमी मारा, मामा."

"छे छे, तुमी आधी."

"चेंडू तुमच्या हातात हाय."

"मग तुमाला दिला असं समजा."

पडद्यावरचे दोन्ही बाहुले जागच्या जागी उड्या मारत एकमेकांकडे बघत राहिले. बघता बघता टीव्हीचा पडदाच कंटाळून अंधुक झाला. प्रज्वलने जांभई दिली. दामिनीने कपाळावर हात मारला.

"आये, तू उठ गो," ती म्हणाली. "बाबांना जमत नाय."

"मी? जावयासमोर?" बाईजा मागे सरल्या. पण जावईबापूंनीच मामांच्या हातातली दांडी घेऊन पुढे केली, तेव्हा नाही कसं म्हणायचं? त्यांनी पदर खोचला, दांडी खुरप्यासारखी धरली आणि दामिनीच्या कानात म्हणाल्या, "मी आपली उभी राहते. हलायचीच नाय."

चेंडू आला. बाईजांचा हात गेला.

काय गेला! आंब्यावरच्या माकडावर धोंडा भिरकवावा तसा चेंडू कुंडलिकच्या बाहुल्याच्या कानाजवळून सुटला. आकडा बाईजांच्या बाजूला पडला.

"अगो बाय!" त्यांनी जीभ चावली. "माफ करा जावईबापू. हात आपोआप गेला."

"जाऊ दे ना, मामी!"

पुन्हा चेंडू, पुन्हा सपाटा. "चुकलं माझं!" सपाटा. "पाया पडते!" सपाटा. तोंडाने मान राखायचा नि हाताने मुडदा पाडायचा, असा तो डाव. शेवटी देवाधर्माचं काहीतरी म्हटलं तर हात आवरेल, म्हणून बिचारीने ओवी धरली:

*जावई गो माझा देव, देव पाटावं बैसला,*
*हात मेला वैरी माझा, मला न पुसता धावला.*

पण ओवीला ठेका असतो. ठेक्यात हात अजूनच चांगला बसला. दर ओळीच्या टोकाला एक चेंडू पार! दामिनी मागून टाळी धरू लागली. देवजी तोंडावर उपरणं दाबून उभे, नुसते खांदे हलत होते.

कुंडलिक इकडून तिकडे धावत होता, धावायची गरज नसताना. त्याची टोपी पडली, सदऱ्याची बटणं सुटली. एक चेंडू अगदी हलकासा, मऊ, त्याच्या पुढ्यात आला, आणि तो मामींच्या अवताराकडे बघत तसाच थिजून राहिला.

"अरे कुंडल्या!" बाईजा गरजल्या. "पायात काटा मोडला काय? मार ना मेल्या!"

दामिनीची टाळी थांबली. ओवी तुटली. बाईजांनी दांडीसकट हात तोंडावर नेला, नि दांडी नाकावर आपटली.

कुंडलिक हसला. आधी फिसकन, मग पोट धरून, मग सरळ जमिनीवर बसून. त्यासरशी देवजींचं उपरणं तोंडावरून गळालं, ठसका लागला. प्रज्वलने शिट्टी मारली. आणि नाक चोळत चोळत बाईजाही, तो घसघशीत आवाज काढत, हसल्या. शेजारची लडकू म्हातारी काय झालं म्हणून ओटीवर आली नि काही न समजता हसायला लागली.

"सर रे, बाजूला हो," देवजींनी कुंडलिकच्या हातातली दांडी हिसकावली. "हिला आज मी बघतो."

"पायलाय मोठा बघणारा! पाल मोजत बस."

"बाबा, आधी माझा नंबर," प्रज्वल मध्ये घुसला.

"तुझा खरा गेम बटणावर ना? मग तो खेळ."

देवजींनी पहिल्याच फटक्यात कोपर भिंतीला घासलं आणि दुसऱ्यात स्वतःच्या बायकोला अशी काही शिवी घातली, की दामिनीने कानांवर हात ठेवले. कुणाचं कुंडलिककडे लक्ष नव्हतं. त्याला धक्का लागून तो कांद्याच्या ढिगाला टेकला, तरी कुणी "लागलं का जावईबापू" विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "मामी, माझी पाळी कधी?"

"रांगेत बस," पडद्यावरची नजर न काढता बाईजा म्हणाल्या. "प्रज्वलच्या मागं."

कुंडलिक सरकत सरकत प्रज्वलच्या मागे जाऊन बसला.