चौथं कलम

फडताळातलं एक लष्करी पदक. फीत उंदरांनी खाल्लेली.

अठरा दांडे, काजूच्या बागेतल्या खोपटात, मांगरात, भिंतीला टेकवलेले.

फुलस्केप कागद, वळणदार अक्षर. कलमं पाच.

‘होय म्हाराजा.’

‘जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी युद्धातील सर्व हानीची जबाबदारी मान्य करावी.’

हे शेवटचं वाक्य तेजस्वी मोठ्याने वाचत होती. स्पर्धा परीक्षेसाठी ती पद्मावतीबाईंकडे इतिहास शिकायला येई. बाई निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. समोर सुपात कुळीथ घेऊन निवडत बसल्या होत्या.

“बाई, पैली लढाई जर्मनी हरली. मग वीस वर्सांनी दुसरी कित्याक? हरलेलो माणूस परत लढाक कसो उठता?”

“तहामुळे,” बाई शाळेतल्या मराठीत सांगू लागल्या. “नुसतं हरवून भागलं नाही. आम्हीच दोषी, असं त्याच्याच हातून लिहून घेतलं. पैसे फिटले असते. ती सही फिटली नाही. ज्या पोरांनी युद्ध पाहिलंही नव्हतं, त्यांच्या वाट्याला ती लाज आली. मग कोणीतरी उठलं आणि म्हणालं, ती मी पुसतो.”

तेजस्वी वहीकडे बघत राहिली. “म्हणजे आमच्या आजाचा कलम.”

सूप हलायचं थांबलं.

सात वर्षांपूर्वी जत्रेत पालखीचा पुढचा खांदा कोणाचा, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी भिडल्या. पहिला दगड खालच्या वाडीचा. वरच्या वाडीतल्या दोघांची डोकी फुटली. त्यातला एक बाईंचा भाऊ, सत्यवान. समेटाचा कागद लिहायला, अक्षर चांगलं म्हणून, बाईंना बसवलं. चौथं कलम त्यांनी स्वतः सुचवलं. दहा वर्षं, दर जत्रेला, खालच्या वाडीचे मानकरी, तेजस्वीचे आजोबा बाबली यांनी देवापुढे नारळ ठेवून, गाऱ्हाण्यात वाडीचा गुन्हा कबूल करावा.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेली साद; तिच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. म्हातारे बाबली वाकून म्हणत, “आमच्या हातसून चूक झाली,” आणि वरची वाडी घसा फोडून ओरडे, “होय म्हाराजा!” खालची वाडी तोंड मिटून उभी असे. तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता मिशा कोरत होती.

“यंदा आमचो स्वरूप गप रवाचो नाय,” तेजस्वी आपल्या भावाबद्दल म्हणाली. “अठरा दांडे करून ठेवल्यानी मांगरात. आजो वाकलो काय भायर काढतले. आजाक म्हायत नाय. माझा नाव घेव नको हां, बाई.”

“कलम माझा आसा गो,” बाई म्हणाल्या. शिकवताना त्या कधी मालवणी बोलत नसत.

सत्यवानने ऐकून घेतलं आणि कपाळावरची खूण दाखवली.

“कागद फाड म्हणतंस? आणि माझे सात टाके? चारच वर्सां रवली. संपतली.”

“संपाची नाय ती, सत्या.”

“तुका शाळा सुटली तरी शिकवचा सुटला नाय.”

जत्रेच्या दुपारी गाऱ्हाणं सुरू झालं. स्वरूप गर्दीत नव्हता. मांगराकडच्या वाटेवर उभा होता. बाबली पुढे आले. गाऱ्हाण्याच्या जागी बायका उभ्या राहत नाहीत. पद्मावतीबाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, हातात नारळ आणि समेटाचा कागद.

“बाय, तू हय खंय?” बाबली कुजबुजले.

बाईंनी नारळ उंबऱ्यावर ठेवला. आवाज वर्गातल्यासारखा लावायला गेल्या, तो लागला नाही.

“म्हाराजा, चौथा कलम मी लिवलंय. भावाचा रगत बघून लिवलंय, न्याय म्हणान नाय. ह्या म्हाताऱ्याक सहा वर्सां तुज्या दारात वाकवलंय. ती चूक माजी. हो कागद तुज्या पायांकडे ठेवतंय.”

सत्यवान जमिनीकडे बघत होता.

मग बाबलींनी आपला नारळ बाईंच्या नारळाला टेकवून ठेवला. “होय म्हाराजा,” ते म्हणाले, एकटेच.

त्यांच्या पाठीमागून खालची वाडी म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा. वरच्या वाडीतून तीन-चार आवाज आले. त्यात सत्यवानचा नव्हता.

स्वरूप वाट उतरून खाली आला. हात मोकळे होते.

नारळ फोडले, तेव्हा बाईंचा आतून कुजका निघाला.

“सत्याच्या माडाचो काय गो?” बाबलींनी विचारलं.

सत्यवानने ते ऐकलं. तो हसला नाही, पण निघूनही गेला नाही.

पद्मावतीबाईंचे आजोबा १९१९ साली बसऱ्याहून पदक घेऊन परतले आणि खळ्यात बसून म्हणाले, आता लढाई संपली. दोन वर्षांनी त्यांना थोरला मुलगा झाला, तो १९४४ साली इटलीत मारला गेला.