दोन दगड वाहणारा जावई

विरळ हवा फक्त किनाऱ्यावरच्या माणसांना बाधते, असं बाबांचं ठाम मत होतं. डोकं ठणकणं, पोटात ढवळणं, पाय जड होणं हे सगळं त्यांच्या रक्तातच असतं; डोंगरातल्या माणसाच्या रक्तात ते नसतं. आणि मला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो विल्मर तर चिंबोतेचा, भर समुद्रावरचा. त्याचं इथे डोंगरातच, वारासच्या बाजारात मासळीचं दुकान आहे आणि बर्फाच्या पेट्या खांद्यावर घेऊन तो रोज बाजाराच्या पायऱ्या चढतो, हे मी बाबांना सांगून पाहिलं.

"रक्त चिंबोतेचंच ना, मेल्वा?" बाबा म्हणाले.

खुद्द बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर चिंबोतेला माझ्या भावाकडे राहिले होते आणि परवाच परत आले होते. त्यांचं रक्त मात्र अजून डोंगरातलंच होतं.

अट साधी होती. मी वाटाडी आहे. रविवारी लिमाच्या काही शिक्षिकांना वार्मिकोचा नावाच्या तळ्यावर नेणार होते. विल्मरने आमच्याबरोबर तिथपर्यंत यायचं, तेही पायी. "आमच्या तळ्यासमोर ज्याला उभं राहता येत नाही, त्याला जावई म्हणून दारात उभा करणार नाही," बाबा म्हणाले. देखरेखीला ते स्वतः येणार होते.

नदीपाशी आमच्याकडे प्रत्येकजण एक दगड उचलतो आणि तळ्याखालच्या खिंडीत ढिगावर ठेवतो. त्याच्याबरोबर थकवाही तिथेच राहतो. आपला दगड आपणच न्यायचा. शिक्षिकांनी लिंबाएवढे उचलले. बाबांनी विल्मरसाठी पपईएवढा शोधून काढला.

"काका, हा दगड आहे की अख्खा काठच उचललात?"

"का, कोळीबुवा? मासे हलके असतात वाटतं?" असं म्हणून बाबांनी स्वतःच्या सॅकमध्ये त्याहून मोठा घातला.

सुरुवातीला बाबा सगळ्यांच्या पुढे होते. मग त्यांना अचानक झाडांविषयी बोलावंसं वाटू लागलं. लालसर पापुद्र्यांच्या एका झाडाला धरून ते बराच वेळ उभे राहिले आणि त्याचे औषधी गुण सांगत राहिले. थोडं वर गेल्यावर तसलंच झाड पुन्हा लागलं. बाबांनी त्याचेही गुण सांगितले, पण नाव वेगळं सांगितलं.

"किती माहिती आहे यांना!" एक शिक्षिका म्हणाली.

आमच्यामागून फोर्तुनाता तिचा घोडा घेऊन येत होती. दमलेला पाहुणा हेच तिचं उत्पन्न. "घोडा देऊ का?" तिने विचारलं.

"त्या कोळ्याला विचार," बाबा म्हणाले.

"मी कशाला विचारू, अबिलिओ? घोडाच तुझ्याकडे बघतोय."

मीही बघत होते. बाबांचे ओठ जांभळ्या मक्यासारखे झाले होते. अशा माणसाला ताबडतोब खाली न्यायचं, हा माझ्या कामाचा पहिला नियम. पण चार परक्या बायकांसमोर, विल्मरसमोर मी बाबांना परत फिरा म्हटलं असतं तर ते फिरले असते, आणि लग्नाचा विषय कायमचा मिटला असता. मी त्यांच्या हातावर विरळ हवेवर चघळायची कोकाची पानं ठेवली.

"त्याला दे," बाबा म्हणाले. दोन वाक्यं जोडून बोलणं त्यांना जमत नव्हतं.

"काका, तुमच्या सॅकचा पट्टा सुटलाय," विल्मर म्हणाला. पट्ट्याला काही झालं नव्हतं. तरी तो आमच्याकडे पाठ करून बराच वेळ खटपट करत बसला.

ढीग दिसू लागला आणि विल्मर एकदम गवतावर कोसळला.

"मेलो! मेल्वा, मला समुद्र दिसतोय!"

इतका वाईट अभिनय मी कधी पाहिला नव्हता. कोसळण्याआधी खाली खडे नाहीत ना, हेही त्याने बघून घेतलं होतं.

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळाने रंग आला. "बघ! रक्त! याला खाली न्यायला हवं. मी नेतो."

"मग घोडा?" फोर्तुनाता तत्परतेने पुढे आली.

"मला घोड्याची भीती वाटते," विल्मर पडल्या पडल्या म्हणाला. "काका, तुम्ही वर बसा. वरून माझ्यावर नीट लक्ष राहील."

बाबांना हे पटलं. आजारी माणूस लगाम धरून पुढे चालला, फोर्तुनाता शेजारून, आणि सांभाळणारे बाबा घोड्यावरून.

मी शिक्षिकांना घेऊन वर गेले. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाने तळं नेहमीसारखं दुधाळ निळं झालं होतं. बायका हरखून फोटो काढत होत्या. माझं लग्न मात्र घोड्याच्या पुढे पुढे डोंगर उतरत होतं.

आम्ही नदीपाशी परतलो तेव्हा बाबा उकडलेले बटाटे खात होते. ओठ पूर्ववत झाले होते, आवाजही.

"हा तळ्यापर्यंत पोहोचला नाही," ते म्हणाले. "अट ती अट."

विल्मरने मान डोलावली. मला दोघांनाही नदीत ढकलावंसं वाटलं.

ढिगापर्यंत न पोहोचलेला दगड नदीला परत द्यावा लागतो, नाहीतर थकवा घरी येतो. बाबांनी सॅकमध्ये हात घातला. स्वेटर निघाला, पानांची थैली निघाली. त्यांनी सॅक उलटी केली. विल्मर एकाग्रतेने नदीकडे बघू लागला.

"कोळीबुवा, तुझी सॅक आण इकडे."

सॅकमधून दोन दगड निघाले.

"मरणाऱ्या माणसाने दोन-दोन दगड वाहिले?" फोर्तुनाताने विचारलं.

"काका, तो पट्टा बांधताना चुकून..."

"गप." बाबांनी दोन्ही दगड स्वतः नदीत ठेवले. मग म्हणाले, "मोठा माझा होता."

"हो, काका."

फोर्तुनाताने चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू आणली. बाबांनी पेल्यातले चार थेंब जमिनीला दिले, उरलेली प्यायले, पेला पुन्हा भरला आणि विल्मरच्या हातात दिला. आमच्या घरात बाबांनंतरचा पेला माझ्या भावाचा असतो. विल्मरला ते माहीत होतं. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

"पुढच्या महिन्यात परत येऊ," बाबा म्हणाले. "तळं बघून झालं की तारीख काढू. तोवर मी इथे डोंगरातच राहतो, चिंबोतेला जात नाही. जरा सराव हवा."

"कुणाला?" मी विचारलं.

"कोळ्याला," बाबा म्हणाले. मग मान वळवून त्यांनी फोर्तुनाताला हळूच विचारलं, की त्या दिवशी घोडा मोकळा असेल ना.