खापर रागावर

छापखान्यात मास्तरीणबाईंच्या नवऱ्याला ‘तोफ’ म्हणत, ते काही उगीच नाही. शाई जरा पसरली, की आवाज थेट रस्त्यावर. घरातही त्याला उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हाच सासूबाईंनी बाजूला घेऊन बजावलं होतं, “या घरातले पुरुष रागाने जातात, बाई. तुझा सासरा तसाच गेला, चुलत सासराही. याला कधी डिवचू नकोस.” झालं! शाळेत जिच्या एका हाकेने अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, ती मास्तरीण घरी तोंडाला कुलूप लावून बसली. नवऱ्याचा जीव प्यारा होता ना तिला!

आणि हार्ट अटॅक आला कुणाला? नणंदेला! उभ्या जन्मात जिने कुणावर आवाज चढवला नाही, त्या गरीब गाईला. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली. सासूबाईंनी घरातल्या पुरुषांच्या रागाची हकीकत सांगितली, तेव्हा नणंदेचं रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सगळं खापर रागावर फोडू नका. तुमच्या घराण्यात एक बिघडलेलं जनुक चालत आलंय. त्याच्यामुळे लिव्हर वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, आणि ते लहानपणापासून हृदयाच्या नळ्यांत साचत जातं. भावातही असण्याची शक्यता निम्मी. त्यालाही तपासा. निघालं तरी औषध आहे.”

तोफेने ते धुडकावून लावलं. “ताई मनातल्या मनात कुढते, म्हणून झालं तिला. मी बोलून मोकळा होतो. मला काय धाड भरलीय?”

सासूबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, गप्प बस. सून कात्रीत सापडली. बोलावं तर याचा जीव जायचा, न बोलावं तरी जायचा. आणि मग ती जी सुटली!

“अहो, पुरे झालं! इतकी वर्षं तुमच्यासाठी मी जीभ चावत बसले, आणि तुम्हाला चमचाभर रक्त द्यायला जड जातंय? सकाळी दवाखान्यात चालायचं, नाहीतर उचलून नेईन!”

सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. तिनेही. उघडले तेव्हा नवरा जिथल्या तिथे, धडधाकट, आ वासून उभा.

“बरं,” तो म्हणाला. एवढंच!

जनुक त्याच्यातही निघालं, आणि अँजिओग्राफीत हृदयाची एक नळी बरीच चोंदलेली दिसली. थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. पण झाला नव्हता! नळीत स्टेंट बसला, गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल निम्म्याहून खाली आलं. तिचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन तोफ खुर्चीत रेलली. “आता बरा झालो की. गोळ्या कशाला?”

तिने तोंड उघडायच्या आत सासूबाईच उठल्या.

“खबरदार! तुझ्या बापापुढे जन्मभर ब्र काढला नाही मी, तरी गेलाच ना तो! आता तुझ्यापुढे गप्प बसते की काय? घे गोळी, माझ्यासमोर!”

तोफेने मुकाट्याने गोळी घेतली. आवाज ऐकून शेजारीण धावत दारात आली, “काय झालं हो?”

“आमच्याकडे भांडण चाललंय,” सून हसून म्हणाली. “या की आत!”