न चढलेला दाब

मित्रांनो, मी माणसांना झोपवणारे एक जुने यंत्र आहे. ऑपरेशनच्या खोलीत रुग्णाच्या उशाशी उभे राहायचे आणि भुलीचा वायू त्याच्या श्वासात मिसळायचा, हे माझे काम. नवे होते तेव्हा माझा फार मान होता. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई रोज सकाळी माझ्या नळ्या आणि झडपा स्वतः तपासत. ऑपरेशन संपले की तान्ही बाळे रडत जागी होत, आणि ते रडणे ऐकून खोलीतली सगळी माणसे हसत. मला ते फार आवडे.

एके दिवशी शाळेच्या बसचे ड्रायव्हर आले. मुले त्यांना बसमामा म्हणत. हर्नियाचे साधे ऑपरेशन होते, पण रक्तदाब वाढल्यामुळे दोनदा पुढे ढकललेले. मामा रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेत. एक चालू ठेवा, दुसरी मात्र आदल्या दिवसापासून बंद, असे बाईंनी त्यांना बजावले होते. माझा वायू रक्तवाहिन्या सैल करतो आणि ती दुसरी गोळीही तेच करते. दोघांची गाठ पडली तर दाब असा कोसळतो, की नेहमीच्या इंजेक्शनांनाही दाद देत नाही.

"ती गोळी घेतली नाही ना, मामा?" टेबलावर घेतल्यावर बाईंनी पुन्हा विचारले.

"नाही हो. आज दाब बघा, कसा शहाण्यासारखा वागतोय."

दाब खरोखरच छान होता. माझा वायू सुरू झाला आणि थोड्याच वेळात पडद्यावरचा आकडा उतरू लागला. बाईंनी वायू कमी केला, सलाईन जोरात सोडले, दाब वाढवणारे इंजेक्शन दिले. आकडा जरासा हलला आणि पुन्हा खाली गेला. दुसऱ्या इंजेक्शनाचेही तेच. बाईंनी सिस्टरला बाहेर बसलेल्या मामांच्या मुलीकडे पिटाळले. सिस्टर परत आली ती पांढरीफटक पडून. मामांनी पहाटे दोन्ही गोळ्या घेतल्या होत्या. मुलीने पाहिले होते; तिला वाटले, डॉक्टरांनीच सांगितले असेल.

बाईंनी निराळ्या प्रकारचे औषध मागवले. ते खालच्या मजल्यावरून येईपर्यंत वेळ गेला. त्याने दाब चढला, पण तोवर मेंदूला रक्त कमी पडले होते. मामा जागे झाले नाहीत.

पुढे गळ्यात श्वासाची नळी बसवायला त्यांना पुन्हा माझ्याजवळ आणले. डोळे उघडे होते, पण ते कुणालाच बघत नव्हते. मुलगी दारापर्यंत आली होती.

"माझी रजा संपत आली होती," ती बाईंना म्हणाली. "ऑपरेशन परत पुढे गेलं असतं तर मला थांबता आलं नसतं. म्हणून घेतली त्यांनी ती गोळी."

बाईंनी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्या जागी नवे यंत्र आले, त्याचे मला दुःख नाही. माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या घरचे कुणी ऑपरेशनला निघाले, तर सकाळी कोणकोणते औषध पोटात गेले ते त्यांना विचारा आणि डॉक्टरांना खरे तेच सांगा. फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

सिस्टर सांगत होती, मामांची मुलगी नोकरी सोडून कायमची घरी आली आहे. दिवसभर त्यांच्याजवळ बसते, त्यांच्याशी बोलते. ते तिला ओळखत नाहीत.